जुनी स्पोर्ट्स कार देऊन नवी, वेगवान आणताना: गोव्यातल्या मालकासाठी

२००८ ते २०११ च्या सुमारास नोंदवलेल्या स्पोर्ट्स कारची पंधरा वर्षे एकेक करून भरत आली आहेत किंवा भरली आहेत. अशा गाड्या गोव्यातही बऱ्याच आहेत. मालकापुढे प्रश्न एकच असतो: नोंदणीचे नूतनीकरण करून हीच गाडी ठेवायची, की देऊन नव्या पिढीची आणायची? ठेवायची असेल तर पुढचे वाचायची गरज नाही. द्यायची असेल तर पहिली गोष्ट मनात पक्की करा. जुनी विकणे आणि नवी घेणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत, आणि ते वेगळेच राहू द्यावेत. दोन्ही एकत्र केले की जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या सवलतीत विरघळते आणि आपले किती गेले हे कधीच कळत नाही.

आकडे हातात असावेत म्हणून इथे पोर्शे ९११ चे उदाहरण घेतले आहे: ९९७ पिढीची कॅरेरा देऊन ९९२ पिढीची कॅरेरा आणायची. बॉक्स्टर, केमन, झेड४, एसएलके किंवा टीटी असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

मिळणार काय, जाणार काय

३.६ लिटरच्या ९९७ ला ३२५ पीएस ताकद आणि ३७० न्यूटन मीटर टॉर्क आहे. शून्य ते शंभर ५ सेकंद. सुरुवातीची ९९२ कॅरेरा ३८५ पीएस आणि ४५० न्यूटन मीटर देते, शून्य ते शंभर ४.२ सेकंद. कागदावर फरक पाऊण सेकंदाचा. गाडी चालवताना मात्र जाणवतो तो टॉर्क कुठे येतो त्याचा फरक. ९९७ चा पूर्ण टॉर्क ४,२५० आरपीएमला मिळतो, त्यामुळे इंजिन फिरवत ठेवावे लागते. ९९२ ला दोन टर्बो आहेत आणि तिचा टॉर्क १,९५० पासून ५,००० पर्यंत सपाट पसरलेला आहे. म्हणजे पर्वरीच्या गर्दीतून बाहेर पडताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्येही गाडी एकदम ओढते. ओल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते शेवटी येईल.

जाते ते स्टिअरिंग. ९९७ चे हायड्रॉलिक आहे, २०११ च्या पुढच्या पिढीपासून इलेक्ट्रिक आले. ज्यांना ९९७ आवडते त्यांतल्या बहुतेकांना ती स्टिअरिंगमुळेच आवडते. दुसरे, ९९२ च्या साध्या कॅरेरात मॅन्युअल गिअरबॉक्स नाही, ८ गिअरचा पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येतो. क्लच हवाच असेल तर कॅरेरा टी पाहावी लागेल. वजन १,३९५ किलोवरून १,५०५ वर जाते. चोर्लाच्या वळणांवर आनंद शोधणाऱ्याने आधी २००९ नंतरची सुधारित ९९७ चालवून पाहावी. तिला नवे इंजिन, ३४५ पीएस आणि स्टिअरिंग मात्र जुनेच. कित्येकांचा शोध तिथेच संपतो आणि पैसेही वाचतात. गोव्यात रेस ट्रॅक नाही, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई आणि कोईम्बतूरचा कारी दोन्ही लांब. तिकडे नेमाने जाणार नसाल तर एस आणि जीटीएस या जास्त ताकदीच्या प्रकारांचे जादा पैसे कुठे वसूल होणार, हे स्वतःलाच विचारावे.

आधी मोजपट्टी

बुकिंगच्या आधी आपला गाडीरस्ता मोजा. ९९७ ची रुंदी १,८०८ मिमी, ९९२ ची १,८५२. लांबी ४,४२७ वरून ४,५१९. चार सेंटिमीटर म्हणजे काय मोठे, असे वाटते. पण वाड्यावरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिऱ्यांच्या भिंती असतात, फाटकाचे खांब जुन्या काळचे असतात, आणि आरशांसकट नवी गाडी दोन मीटरच्या आसपास जाते. फाटकात दोन्ही बाजूंना किमान वीस सेंटिमीटर मोकळे हवेत, आणि वळून आत शिरायचे असेल तर त्याहून जास्त. जुनी गाडी रोज जाते म्हणून नवीही जाईल, यावर विसंबू नका.

गतिरोधकासाठी एक सोपा प्रयोग आहे. ९९२ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,४५० मिमी. एकाच उंचीच्या दोन विटा घ्या, गतिरोधक मधोमध येईल अशा तऱ्हेने त्या २,४५० मिमी अंतरावर ठेवा आणि वरून दोरी ताणून धरा. दोरी आणि गतिरोधकाचा माथा यांतले अंतर मोजून ते विटेच्या उंचीतून वजा करा. उरेल तेवढा गतिरोधक गाडीच्या पोटाकडे वर येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आणि त्यावर हे उत्तर फक्त ४४ मिमी येते. त्यावरून कुठलीही स्पोर्ट्स कार जाते. अडचण गावच्या गतिरोधकांची. डांबर ओतून रातोरात उभे केलेले, हातभर रुंद आणि वीतभर उंच. तिथे उत्तर शंभराच्या पुढे गेले की पोट घासलेच म्हणून समजा. माणसे बसलेल्या गाडीचे पोट जमिनीपासून किती वर राहते ते टेस्ट ड्राइव्हच्या वेळी स्वतः मोजून घ्या, छापील आकडा रिकाम्या गाडीचा असतो.

फाटकापुढे गटारावर टाकलेली लादी आणि तिथून आत चढणारा उतार हे दुसरे ठिकाण. एक मीटर लांबीत १८ सेंटिमीटरपेक्षा जास्त चढ असेल, म्हणजे उतार १० अंशांच्या वर असेल, तर पुढचा बंपर धोक्यात. अशा घरासाठी पुढचा एक्सल उचलणारी लिफ्ट घ्यावी. हळू वेगात ती नाक सुमारे ४० मिमी वर घेते. हा पर्याय कारखान्यातच बसवून घ्यावा लागतो, नंतर बसवणे परवडत नाही. चामड्याच्या शिवणीवर पैसे घालवण्याआधी गोव्यात हा पर्याय निवडावा, असे स्पष्ट मत.

जुनी गाडी दाखवण्याआधी

गिऱ्हाईक मुंबई, पुणे किंवा बंगळुरूहून येते आणि बहुधा स्वतःचा मेकॅनिक घेऊन येते. तो जे शोधणार ते तुम्ही आधी शोधा. दोष आधीच सांगितला तर त्याची किंमत दुरुस्तीएवढीच कापली जाते. गिऱ्हाइकाने शोधून काढला तर तिप्पट कापली जाते, कारण त्याला वाटते अजून काहीतरी दडवले आहे.

इंजिनापासून सुरुवात. २००८ पर्यंतच्या वॉटर-कूल्ड ९११, बॉक्स्टर आणि केमनमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचे (इंजिनाच्या आत फिरणाऱ्या एका दांड्याचे) बेअरिंग बिघडणे हा ठरलेला प्रश्न असतो. (टर्बो आणि जीटी३ ची इंजिने वेगळी, त्यांना हा प्रश्न नाही.) २००५ पर्यंतच्या इंजिनांत ते बेअरिंग गिअरबॉक्स उतरवून बाहेरून बदलता येते. २००६ ते २००८ च्या इंजिनांतले बेअरिंग मोठे आहे. ते क्वचितच बिघडते, पण क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, उघडल्याशिवाय निघत नाही. २००९ पासूनच्या इंजिनात हा शाफ्टच नाही. त्यामुळे जाहिरातीत नुसते साल लिहू नका, इंजिनाची पिढीही लिहा. तपासणी सोपी आहे: ऑइल बदलताना जुन्या फिल्टरचा कागद काढून त्याच्या घड्या उघडा आणि उन्हात धरा. बारीक चकाकणारे कण किंवा काळ्या प्लास्टिकचे तुकडे दिसले तर थांबा. काही नसेल तर तसा फोटो काढून तारखेसह ठेवा, विक्रीच्या वेळी हा फोटो पॉलिशपेक्षा जास्त काम करतो. ऑइल सुमारे ८ लिटर लागते, ०डब्ल्यू-४० ग्रेडचे.

दुसरा दोष सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा. ९९७ च्या पहिल्या इंजिनांत तो बहुधा ४ ते ६ क्रमांकाच्या बाजूला दिसतो. लक्षणे तीन: एकाच बाजूच्या सायलेन्सरचे तोंड काजळीने जास्त काळे, इंजिन गरम झाल्यावर टिकटिक, आणि ऑइल पिणे वाढलेले. स्पार्क प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून सहाही सिलिंडरांचे फोटो काढून घ्या. सोबत कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि लीक-डाउन (हवेची गळती) टेस्ट करा. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत आणि गळती १० टक्क्यांच्या खाली असेल तर इंजिन चांगले. गळती २० च्या वर गेली तर गाडी "इंजिन काम मागते" असे सांगूनच विका.

आता गोव्याच्या हवेने केलेले नुकसान. पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात, आणि त्या पोकळीत आंब्या-फणसाची पाने, काजूचा मोहोर, समुद्राकडची वाळू सगळे अडकते. पावसात ते कुजते आणि अ‍ॅल्युमिनियम खाते. बंपर काढून हा कचरा हाताने उपसावा लागतो. जोराच्या पाण्याने पत्र्या वाकतात, म्हणून तिथे प्रेशर वॉशर नको. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ते केलेले नसेल तर तपासणारा मेकॅनिक टॉर्च घेऊन आधी तिथेच जातो.

छत उघडणाऱ्या गाडीत पाणी वाहून नेणारी भोके बुजतात. बॉक्स्टरमध्ये ते पाणी आत उतरते आणि सीटखालच्या इमोबिलायझरच्या (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या) कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते. मग गाडी कुलूपही घेत नाही आणि सुरूही होत नाही. भोके बारीक नायलॉनच्या तारेने मोकळी करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी जोडातून निसटते. कार्पेट उचलून खालचा फोम दाबून पाहा. वर कोरडे असले तरी फोम महिनोन् महिने ओला राहतो आणि वास तिथूनच येतो.

किनाऱ्याजवळच्या गाडीचे पोट लिफ्टवर घेऊन बघावे: जॅक लावायच्या जागा, ब्रेकचे पाइप, एक्झॉस्टच्या फ्लँजचे नट-बोल्ट. हे बोल्ट गंजून इतके झिजतात की पाना बसत नाही. ते कापून स्टेनलेस स्टीलचे बसवून घ्या, खर्च किरकोळ आणि परिणाम मोठा. रंगाची जाडी मापकाने पाहा. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो, २०० च्या पुढे गेला की पुन्हा रंगवलेला, आणि ४०० च्या पुढे खाली पुट्टी. एखादा दरवाजा रंगवलेला असेल तर तसे लिहून टाका.

टायरवर डॉट या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर नक्षी शाबूत असली तरी टणक होतात. विकण्यापूर्वी नवे टायर घालण्यात मात्र शहाणपण नाही, गिऱ्हाइकाला स्वतःच्या पसंतीचे घालायचे असतात, तेवढे किमतीतून कमी करा. ब्रेक फ्लुइड तेवढे बदला. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाचे फ्लुइड ताजे असताना किमान २३० अंशांना उकळते, पाणी शोषल्यावर मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. दमट हवेत दोन वर्षांची वाट न पाहता दर वर्षी बदलावे. चाचणीसाठी आलेल्या माणसाने अनमोडच्या उतारावर दाबलेले पेडल तळाला गेले तर विषयच संपला.

आणखी जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी पेट्रोलचे पाहावे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबराच्या नळ्या आणि गास्केट त्यात मऊ होऊन चिरतात, आणि उभ्या गाडीच्या टाकीत इथेनॉल पाणी ओढून खाली बसते. इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला आणि तसे बिल ठेवा. इंजिनाच्या खोलीत पेट्रोलचा वास येत असताना गाडी दाखवायला काढू नये, आग लागण्याचे ते नेहमीचे कारण.

एक्स्चेंज की थेट विक्री

शोरूमवाला "एक्स्चेंज बोनस" म्हणतो तेव्हा त्याला दोन आकडे वेगवेगळ्या कागदांवर मागा: जुनी गाडी न देता नव्या गाडीची शेवटची किंमत, आणि फक्त जुन्या गाडीची किंमत. समजा जुनीचे त्याने ३८ लाख लावले आणि नवीवर सवलत शून्य ठेवली. पण जुनी न देता त्याच नवीवर ५ लाख सवलत मिळत असेल तर जुनीचे खरे ३३ लाखच झाले. शोरूमचा हिशेब वय आणि किलोमीटर यांवर चालतो. मॅन्युअल गिअरबॉक्स, दुर्मिळ रंग, दोनच मालक, सगळी बिले, यांना त्याच्या तक्त्यात रकानाच नाही. शिवाय जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, तोही तो तुमच्याच किमतीतून काढतो. दोन खासगी माणसांमधल्या विक्रीवर हा जीएसटी नाही. रोजच्या वापराची सेडान असेल तर एक्स्चेंज ठीक. शौकिनांची गाडी शौकिनालाच विकावी.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. चवथ होऊन गेली, पाऊस उतरला, रस्ते कोरडे झाले की गाडी बाहेर काढा. जून ते सप्टेंबर कोणी गिऱ्हाईक येत नाही, आणि आलेच तर गाडी पावसात नीट चालवून पाहता येत नाही, म्हणून भाव पाडते. नोंदणीची मुदत सहा महिन्यांच्या आत संपत असेल तर नूतनीकरण करूनच विका. फॉर्म २५ चा अर्ज मुदतीच्या आधी ६० दिवसांत करता येतो. ऑगस्ट २०२५ पासून १५ ते २० वर्षांच्या साध्या कारला ५,००० रुपये आणि २० वर्षांपुढे १०,००० लागतात. आयात म्हणून नोंद असलेल्या कारला अनुक्रमे ४०,००० आणि ८०,०००. रक्कम मोठी वाटते, पण गिऱ्हाइकाला भीती फीची नसते, फिटनेस मिळेल का याची असते. ती भीती तो लाखांत मोजतो.

घरात ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी असेल, गोव्यात १९६१ आधी आलेल्या अशा काही आहेत, तर तिचा मार्ग वेगळा. २०२१ च्या नियमांनुसार तिची विंटेज म्हणून नोंदणी २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी होते. नव्याने नोंदली तर नंबरात व्हीए ही अक्षरे येतात, आधीच नोंद असेल तर जुना नंबर राहतो. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन यांसाठी. ती देऊन नवी वेगवान आणणे हा सहसा वाईट सौदा ठरतो. तिच्यासाठी गॅरेजात वेगळी जागा करावी.

कागद

बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आरसीवरून काढा. ई-चलने परिवहनच्या संकेतस्थळावर पाहून मिटवा. पीयूसी आणि विमा चालू असू द्या. उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर बसवून घ्या. मालकी बदलायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, सोबत आरसी, विमा, दोघांची ओळखपत्रे आणि पॅन. गोव्यातल्या गोव्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि नव्या मालकाने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडी राज्याबाहेर जाणार असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत लागते आणि मुदत ४५ दिवसांची. महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात नेणाऱ्याला तिकडचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, म्हणून तो किमतीत घासाघीस करतो. त्याला टॅक्सचा आकडा आधीच काढून आणायला सांगा, मग बोलणी लवकर संपतात.

चावी देताना ताबा पावती लिहा. तारीख, वेळ, मीटरचा आकडा, चॅसी आणि इंजिन नंबर, आणि "या क्षणापासून अपघात व दंडाची जबाबदारी घेणाऱ्याची" हे वाक्य, दोघांच्या सह्या. तरीही आरसी बदलेपर्यंत तुम्ही पूर्ण सुटत नाही. नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून सह्या करून कोरे फॉर्म दलालाच्या हातात देणे ही सगळ्यात महाग पडणारी चूक. शक्य असेल तर शेवटचा हप्ता आरसी बदलल्यावर, आणि अर्ज आरटीओत स्वतः उभे राहून दाखल करा. पैसे आरटीजीएसनेच. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. वैयक्तिक वापराच्या कारच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. कंपनीच्या नावावर गाडी असेल तर हिशेब वेगळा, तिथे सीएला विचारावे.

विमा गाडीबरोबर जातो, नो-क्लेम बोनस मात्र तुमचा असतो. पाच वर्षे दावा नसेल तर तो ५० टक्के होतो. आरसी बदलली की कंपनीकडून बोनसचे पत्र मागून घ्या, ते तीन वर्षे चालते. महागड्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट ही मोठी रक्कम होते, आणि हे पत्र मागायचे विसरणारे पुष्कळ.

नवी ताब्यात घेताना

दहा लाखांवरच्या गाडीवर शोरूम १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) घेते. तो खर्च नाही, विवरणपत्रात परत मिळतो, फक्त बिलावर तुमचा पॅन बरोबर आहे ना पाहा. डिसेंबरमध्ये मिळणारी गाडी जानेवारीत नोंदवली तर पुढे विकताना एका वर्षाने तरुण दिसते. पण कारखान्याचे साल आरसीवर वेगळे येते, त्यामुळे फायदा अर्धाच.

शोरूम राज्याबाहेरचे असेल तर गाडी बंद किंवा सपाट ट्रेलरवरून मागवा आणि तपासणी ट्रेलरवरून उतरायच्या आधी करा. बंपरचा खालचा ओठ, रिम्स आणि सिल उतरवताना घासतात, आणि नंतर "ते आधीच होते" असे उत्तर मिळते. चॅसी नंबरातले दहावे अक्षर मॉडेल वर्ष सांगते: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. टायरच्या तारखा चारही बाजूंनी पाहा. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर गाडी बराच काळ यार्डात उभी होती असे समजून नवी मागा. ९९२ मध्ये स्टेपनी नाही. पंक्चरच्या द्रावणाची बाटली असते आणि तिच्यावर मुदत छापलेली असते. पुढे २३५/४० आर१९ आणि मागे २९५/३५ आर२० अशी वेगवेगळी मापे असल्याने टायर पुढे-मागे फिरवता येत नाहीत, आणि मागचा टायर गोव्यात तयार मिळेलच असे नाही. एक जोडी घरी आणून सावलीत ठेवलेली बरी.

नवी म्हणजे नव्या पिढीची पण वापरलेली घेत असाल तर इंजिनाच्या संगणकाचा रिपोर्ट मागा. त्यात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले याची सहा टप्प्यांत नोंद असते. पहिले दोन-तीन टप्पे फारसे गंभीर नाहीत. चौथ्यापासून पुढे नोंद असेल आणि ती अलीकडच्या तासांतली असेल तर ती गाडी सोडा.

विम्यात इंजिन संरक्षण घ्याच. पाण्यात गाडी नेल्यावर सिलिंडरमध्ये पाणी शिरून रॉड वाकला तर साधी पॉलिसी तो खर्च देत नाही. त्यानंतर शून्य घसारा आणि बिलाची पूर्ण रक्कम देणारे कलम. टायरचे संरक्षण वेगळे मिळते, खड्ड्यांचे रस्ते पाहता तेही घ्यावे.

पहिले तीन हजार किलोमीटर आणि पहिला पाऊस

पहिले ३,००० किमी इंजिन ४,००० आरपीएमच्या वर नेऊ नका, आणि एकाच वेगात तासन् तासही चालवू नका. पणजीहून चोर्लामार्गे बेळगाव आणि परत हा रस्ता यासाठी बरा, चढ-उतारामुळे इंजिनावरचा भार सारखा बदलत राहतो. थंड इंजिनावर टर्बो गाडी कधीच ओढू नये. पाण्याचा काटा आधी वर येतो, ऑइलला अजून दहा मिनिटे लागतात, म्हणून ऑइलचे तापमान पडद्यावर ठेवा. पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचे, कंपनीची शिफारस ९८ ची. त्याहून कमी ऑक्टेनचे घातले तर नॉक सेन्सर इग्निशन मागे घेतो आणि ज्या ताकदीसाठी पैसे मोजले ती नाहीशी होते.

किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणे गोव्यात गुन्हा आहे, ते सोडाच. पण मोरजी, मिरामार, कोलवा अशा ठिकाणी नुसती उभी केली तरी मिठाचा थर बसतो. त्या दिवशीच गोड्या पाण्याने पोट आणि चाकांचे आतले भाग धुवा, मग गाडी दहा मिनिटे चालवून ब्रेक कोरडे करा. ओल्या डिस्कसह उभी राहिली तर पॅड डिस्कला चिकटतो. गॅरेजात प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नका, आतली वाफ अडकते. कापडी, हवा खेळणारे घ्या. हवेची आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवणारा डिह्युमिडिफायर लावला तर चामड्यावर बुरशी येत नाही. बॅटरीला मेंटेनर जोडून ठेवा. घुशी आणि उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून गॅरेजाच्या फटींना बारीक जाळी मारा. नव्या गाडीची एक वायरिंग हार्नेस बदलण्याच्या खर्चात पूर्ण गॅरेज बंदिस्त होते.

मृगाच्या पहिल्या सरी सर्वांत धोक्याच्या. उसगाव, साखळी, डिचोलीकडच्या रस्त्यांवर ट्रकांतून सांडलेली खनिजाची भुकटी आणि जांभ्याची धूळ पाण्यात कालवून लाल चिखलाचा पातळ थर होतो, त्यावर सपाट रुंद टायर तरंगतो. इथे १,९५० आरपीएमचा टॉर्क आठवावा. जुन्या गाडीत पेडल अर्धे दाबले तरी काही होत नव्हते, नव्या गाडीत तेवढ्याने मागची चाके सुटतात. ९९२ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत आवाजाचे सेन्सर आहेत, ते उडणाऱ्या पाण्याचा आवाज ओळखून वेट मोड (ओल्या रस्त्यासाठीची सेटिंग) घ्यायला सुचवतात. मोड आपण स्वतः घ्यायचा असतो, गाडी आपोआप घेत नाही. सूचना आली की घ्या आणि वळणावर पेडल हळूहळू उघडा. टायरची नक्षी कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालते, पावसासाठी मात्र ३ मिमीला बदला. आणि रस्त्यावरचे पाणी बंपरच्या खालच्या ओठापर्यंत आले असेल तर गाडी तिथेच वळवा.